पोरांच्यात दमच नाही : नेब्रास्का फुटबॉलच्या नवशिक्या चाहत्यांसाठी मार्गदर्शिका

ओमाहातल्या कंपनीत किंवा लिंकनच्या विद्यापीठात नव्यानं आलेल्या मराठी माणसाला पहिल्या थंडीच्या आत दोन गोष्टी लागतात : एक जाड कोट आणि नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबद्दलची एक ठाम तक्रार. कोट दुकानात मिळतो. तक्रार कमवावी लागते, आणि ती चुकीची निघाली तर कॉफीच्या मशीनजवळ लोक तुमच्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलू लागतात. म्हणून हा खटाटोप.

पहिली सूचना : हरल्याची तक्रार करू नका. ‘काल हरलो ना आपण’ हे नवख्याचं बोलणं. त्यावर नुसती मान हलते. जाणकार म्हणतो, ‘पोरं मऊ आहेत.’ हे वाक्य हरल्यावर चालतं, थोडक्यात जिंकल्यावर जास्त चालतं, आणि सामना सुरू होण्याआधी, पार्किंगमध्ये, हातात कागदी प्लेट असताना तर सगळ्यात झकास चालतं. आपल्याला हे जड जाऊ नये. रणजीत मुंबई हरली की ‘पूर्वीचा खडूसपणा राहिला नाही’ म्हणणारे काका आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांच्या डोक्यावर नेब्रास्काची लाल टोपी ठेवली की झालं.

खेळाचे नियम फार शिकत बसू नका. चेंडू लांबट असतो, बहुतेक वेळ तो हातातच असतो, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं, आणि दर प्रयत्नाला दोन्हीकडची धिप्पाड मुलं एकमेकांवर आदळतात. त्या आदळण्याला गुण देणं हे तुमचं काम.

इतिहास मात्र पाठ करा, कारण तो फेकून मारता येतो. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम १९२३ सालचं. १९६२च्या नोव्हेंबरपासून तिथला एकही घरचा सामना असा झालेला नाही की ज्याची सगळी तिकिटं विकली गेली नाहीत. अशा सलग सामन्यांचा आकडा आता चारशेच्या पुढं गेलाय. राज्यात वरच्या दर्जाचा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. शनिवारी स्टेडियम भरलं की ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं ‘शहर’ तेच, असं इथले लोक प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तुम्हालाही सांगतील. पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करा.

दणकटपणा हा इथला स्थानिक माल आहे, मक्यासारखा. १९६९पर्यंत बहुतेक प्रशिक्षकांना वाटायचं की वजनं उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो. त्या वर्षी इथले कोच बॉब डिव्हेनी यांनी बॉइड एपली नावाच्या पोल व्हॉल्ट मारणाऱ्या पोराला फुटबॉलपटूंकडून वजनं उचलून घ्यायचं काम दिलं. कुणी मंद झाला तर तुझी नोकरी गेली, अशी तंबीही दिली. मंद कुणी झालं नाही. १९७० आणि १९७१ची राष्ट्रीय विजेतेपदं आली, आणि ताकदीच्या प्रशिक्षकांची देशव्यापी संघटना १९७८मध्ये लिंकनमध्येच उभी राहिली. बचाव फळीतल्या पहिल्या अकरांना सरावात काळे शर्ट देण्याची प्रथाही डिव्हेनींच्याच काळातली. ते काळेच का, तर दुकानात काळे स्वस्त मिळाले, असं सांगतात. आज त्या शर्टांना मुंजीतल्या जानव्याचा मान आहे. ‘पूर्वी काळा शर्ट कमवावा लागायचा’ हे वाक्य कुठल्याही पराभवाला लागू पडतं. जपून वापरा, म्हणजे सामन्यात दोनदाच.

त्यानंतर टॉम ऑस्बोर्न. पंचवीस हंगाम, २५५ विजय, एकाही हंगामात नवापेक्षा कमी विजय नाहीत, आणि १९९४, १९९५, १९९७ अशी तीन विजेतेपदं. समोरच्या संघाची हाडं खिळखिळी करणाऱ्या त्या संघाचा हा प्रशिक्षक मृदू बोलणारा, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला गृहस्थ होता. ही माहिती मनातच ठेवा. चाहत्यांचा सिद्धांत असा की कोच मैदानाच्या कडेला लालबुंद होऊन ओरडला पाहिजे, त्याशिवाय पोरांना रग येत नाही. ऑस्बोर्न या सिद्धांतात बसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल फक्त आदरानं उसासा टाकायचा.

ओरडणारा कोचही येऊन गेला. बो पेलिनी, २००८ ते २०१४. सात हंगाम, दर हंगामात नऊ किंवा दहा विजय आणि दर हंगामात बरोबर चार पराभव. तलाठ्याच्या दप्तरात शोभावी अशी नोंद. त्यांना काढलं. त्याआधी २००३मध्ये फ्रँक सोलिच यांना नऊ सामने जिंकलेल्या हंगामातच काढलं होतं. पेलिनींनंतरच्या दहा हंगामांत नऊ विजय पुन्हा एकदाच दिसले, २०१६ला. नवशिक्यानं इथं ‘मग काढलं कशाला?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे : मोठ्या सामन्यात पोरं मऊ पडायची.

पेलिनींचा एक प्रसंग मात्र जरा रेंगाळून सांगायला हवा. ८ ऑक्टोबर २०११, ओहायो स्टेटविरुद्धचा घरचा सामना. चारपैकी तिसऱ्या सत्रात नेब्रास्का ६–२७ अशी मागं. काही मंडळी कोट घालून गाडीकडं निघाली. मग संघानं उचल खाल्ली आणि सामना ३४–२७ असा जिंकला; घरच्या मैदानावर त्याआधी इतकी मोठी पिछाडी कधी भरून निघाली नव्हती. सामन्यानंतर पेलिनींनी खासगीत, पण ध्वनिमुद्रण चालू असताना, अर्ध्यात उठून गेलेल्या चाहत्यांचा उद्धार केला. शब्द छापण्याजोगे नाहीत. ते मुद्रण दोन वर्षांनी, २०१३मध्ये बाहेर आलं आणि राज्यभर भूकंप झाला. पेलिनींनी माफी मागितली. म्हणजे ज्यांच्यात शेवटच्या सत्रापर्यंत टिकायचा दम नव्हता त्यांना तसं म्हणणं हा अपराध. वीस वर्षांच्या पोराला तेच म्हणणं ही शनिवारची करमणूक. मी तेव्हा चाहत्यांच्या बाजूनं भांडलो नसतो. पण ही मार्गदर्शिका आहे, तेव्हा सांगतो : तुम्ही भांडा. गाडी काढायला वेळ लागतो, मुलांना थंडी वाजते, आणि आपण पैसे मोजून आलेलो असतो.

आता प्रात्यक्षिक. चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा. सगळं स्टेडियम उभं राहतं. सगळे चेंडूकडं पाहतात. तुम्ही एकदाच, सवय म्हणून नाही, मधल्या पाच जाड्यांकडं पाहा. ही ऑफेन्सिव्ह लाइन. एकेकाचं वजन एकशे पस्तीस-चाळीस किलो. चेंडू मागं दिला जातो त्या क्षणी जो खाली राहील तो जिंकतो. गुडघे वाकलेले, कंबर खाली, हात समोरच्याच्या छातीत आतून. डावीकडचा गार्ड पहिलं पाऊल टाकतो, ते वीतभर लांब पडतं, वजन टाचेवर जातं, छाती वर उचलली जाते. बस. समोरच्या बचावपटूचे दोन्ही तळवे त्या उघड्या छातीवर बसतात आणि एकशे चाळीस किलोचा माणूस कपाट सरकवावं तसा मागं जातो. मागून पळत येणारा खेळाडू त्याच्याच पाठीवर आदळून आडवा. साठाव्या रांगेतून याचं एकच वर्णन होतं : ‘एक यार्ड मिळवायची जिगर नाही!’

शेजारच्या बाकावरच्या आजोबांना पावलाची लांबी समजावू नका. त्यांनी सत्तरीचं दशक पाहिलंय.

टॅकलचंही, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्याचंही, तसंच. बचावातला लाइनबॅकर दोन पावलं आतल्या बाजूनं धावतो, कोन चुकतो, पळणारा त्याच्या समोर येण्याऐवजी बाजूनं निसटतो, मग हा नुसते हात लांब करतो. अंग लागतच नाही. हात निसटतात. ‘हात लावून सोडतोय, अंगावर घ्यायला घाबरतोय.’ घाबरलेला नसतो, चुकलेला असतो. पण ‘कोन चुकला’ असं ओरडून कुणाचं समाधान झालंय?

खरा आळस बघायचाच असेल तर चेंडूपासून लांब बघा. चेंडू डावीकडं गेला की उजव्या कडेच्या रिसीव्हरनं समोरच्याला अडवून धरायचं असतं. तो कमरेवर हात ठेवून चालत असेल, तर तो आळस. शंभर टक्के. त्याच्यावर मनमुराद ओरडा, मीही ओरडतो. अडचण एवढीच की त्या वेळी पंच्याऐंशी हजार माणसं दुसरीकडं पाहत असतात आणि तुम्ही एकटेच वेड्यासारखे भलत्या दिशेला हातवारे करताना दिसता.

मधल्या पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी २०२१चा हंगाम नेमलेला आहे. तीन विजय, नऊ पराभव. नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. हंगामभरात संघानं दिलेल्यापेक्षा मिळवलेले गुण जास्त. असा संघ मऊ म्हणावा का? मऊ संघ चाळीसनं हरतो, असं नवखा म्हणेल. जाणकार म्हणतो, ‘शेवटच्या पाच मिनिटांत दम लागतो, तोच नाही.’ बघा, किती सफाई आहे. चाळीसनं हरले तरी मऊ, तीननं हरले तरी मऊच, फक्त मऊपणाची वेळ पुढं सरकली. किक चुकवणारा किकर, भलत्या वेळी निसटलेला चेंडू, अर्धवट नशीब, ही कारणं हिशेबनीसाची. तुम्ही हिशेबनीस असलात तरी शनिवारी सुट्टी घ्या.

त्या संघाचा कोच स्कॉट फ्रॉस्ट हा इथलाच पोर, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. २०२२चा हंगाम तोंडावर आला असताना त्यानं रेडिओवर अभिमानानं सांगितलं की आपल्या लाइनमधली पोरं एकेका सरावात पंधरा-वीस वेळा ओकतायत. मेहनतीचा हा पुरावा राज्यानं गंभीरपणे चर्चिला. मग संघ डब्लिनला गेला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांनी पुढं होता, आणि फ्रॉस्टनं अचानक छोटी किक मारून चेंडू पुन्हा आपल्याकडंच मिळवायचा जुगार खेळला. तो फसला, सामना २८–३१ असा गेला. उलट्यांचा उपयोग कुठं झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्ननं घरी येऊन ४५–४२ असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला नारळ मिळाला. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, कळ काढली असती तर त्याला द्यायची दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर येणार होती. कळ निघाली नाही. दम कमी कुणाला होता, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

दणकटपणा दाखवण्याचे शॉर्टकट टाळावेत, हे आयोवाच्या सामन्यावरून शिका. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी हा सामना असतो. २०१९मध्ये आयोवाच्या किकरनं शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून सामना जिंकला आणि नेब्रास्काच्या बाकाकडं हवेत मुके उडवले. २०२४ला नाणेफेकीच्या वेळी नेब्रास्काच्या कर्णधारांनी हात मिळवायलाच नकार दिला. चाहते खूश. याला म्हणतात रग! पुढं आयोवानं शेवटच्या किकवर, ५३ यार्डांवरून, १३–१० असा सामना घेतला. हात न मिळवण्याचा एकही गुण मिळत नाही, हे नियमात आधीपासून होतं.

शिष्टाचाराबद्दल थोडं. इथला चाहता शिवी देत नाही. पाहुणा संघ जिंकून मैदानाबाहेर जाताना त्याला टाळ्या वाजवतो, रस्ता विचारला तर गाडीपर्यंत सोडायला येतो. सगळा राग स्वतःच्या पोरांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि तोही हळू आवाजात, मान डोलवत बाहेर पडतो. स्टेडियमच्या दगडावर विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाचा मजकूर कोरलाय. त्याचा मथितार्थ असा की विजय नव्हे, कृती मोलाची. गीतेतलं वाटावं असं. त्याखालून जाताना लोक चौथ्या प्रयत्नाबद्दल बोलत असतात. खाण्यात रन्झा मिळतो : पावात भरलेला गोमांसाचा खिमा आणि कोबी. कोबी दिसला म्हणून शाकाहारी समजू नका. पहिल्या टचडाउनला लाल फुगे सोडायची जुनी पद्धत हेलियमच्या टंचाईमुळं २०२२मध्ये बंद पडली, तेव्हा फुगे घेऊन जाऊ नका.

२०२१च्या जुलैपासून या मुलांना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, त्यामुळं तक्रारीची एक नवी शाखा उघडलीय. पूर्वी ‘पोरं फुकट खेळतात, जाऊ दे’ असं म्हणून कुणी तरी विषय संपवायचं. आता ‘पैसे मिळतात ना?’ हे म्हणता येतं. सोपं वाक्य आहे, उच्चारही अवघड नाही. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

एक धोका शेवटी सांगतो. याच विद्यापीठाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ आहे. फुटबॉलइतकीच, पाच राष्ट्रीय विजेतेपदं. फरक एवढाच की फुटबॉलचं शेवटचं १९९७चं आणि यांचं २०१७चं. २००१पासून यांच्याही सामन्यांची तिकिटं उरत नाहीत, आणि ३० ऑगस्ट २०२३ला याच फुटबॉलच्या मैदानात यांचा सामना बघायला ९२,००३ माणसं जमली होती. हाताला न लागणारा चेंडू दिसला तरी त्या मुली कोपरं सोलून घेत जमिनीवर झेप घेतात. मन लावून खेळणं कशाला म्हणतात ते तिथं एका संध्याकाळी कळतं. म्हणून पहिल्या हंगामात तिकडं फिरकूच नका. तक्रारीचा हात बसायच्या आधीच बिघडतो.