तारीखवाले तात्या

कुंडलच्या मैदानात कुस्त्या मिनिटांत निकाली निघतात. तात्यांची एक 19 वर्षं चालू आहे, तीही चुलतभावाशी, दोन तास जमिनीवरून. (तास म्हणजे नांगराची रेघ. घड्याळातल्या तासांचा हिशेब तात्यांनी केव्हाच सोडला.)

तारखेच्या दिवशी तात्या लग्नाला निघाल्यासारखे नटतात. कडक धोतर, परीटघडीची टोपी, पिशवीत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. तालुक्याला जातात ते आबांच्या मोटरसायकलवर मागं बसून. आबा म्हणजेच प्रतिवादी. कोर्टाच्या अलीकडच्या वळणावर तात्या उतरतात. वकिलांना बरं दिसत नाही.

तात्यांच्या हाताखालून सहा जज्ज गेले. तीनेक वर्षांनी बदली ठरलेलीच. "साहेब एकच, पन कामं दोन," ते मला शिकवतात. "दिवानी बी त्येच, फौजदारी बी त्येच. दारूवाल्याला दंड ठोकला, की त्याच पेनानं आपल्या बांधाकडं वळायचं." नवे साहेब आले की पुरावा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागत नाही, झाला तिथून पुढं चालतो, हे कळल्यावर त्यांचा दोन दिवस चेहरा उतरला होता.

"तिसऱ्या बाईसाहेब लई कडक. कैफियत बाजूला सारली आन् सरळ इचारलं, मोजणी येईल ती दोघं मान्य करता का? घामच फुटला बघ. आबा बी गप. तेवढ्यात बदली झाली त्यांची. देव पावला."

दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा सुनावणी पुढं ढकलून मिळू नये, असं लिहिलंय. मी ते दाखवलं. तात्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पुस्तक आदरानं मिटलं. "कायदा चांगलाच हाय."

लोकअदालतीचंही सुचवून पाहिलं. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, म्हटलं. फक्त त्यावर अपील नाही.

"अपील न्हाय?" तात्या असे दचकले, की मी चहा सांगितला.

आता हे गाव म्हणजे प्रतिसरकारचं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांचा इथं राबता. 1943 नंतर इकडच्या गावागावांत न्यायदान मंडळं बसायची. ना स्टॅम्प, ना वकील. चारचौघांसमोर दोन्ही बाजू ऐकायच्या आणि तंटा तोडायचा. तात्यांच्या आज्याचा बांधही तिथंच एका रात्रीत मिटला होता म्हणतात.

"मिटला की!" तात्या म्हणाले. "मग जलमभर बसला घरात."

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं, तेव्हा तात्यांनी पेढे वाटले. दाव्याचा अजून तालुक्यातच निकाल नाही. वर सांगलीचं जिल्हा न्यायालय आहे, त्याच्या वर हायकोर्ट. पण आबांची गाडी मुंबईपर्यंत गेली नसती, ही काळजी मिटली.

वादातल्या पट्टीवर 'जैसे थे'चा हुकूम आहे. नांगर नाही, कुदळ नाही. तिथं आपोआप एक बाभळ उगवली आणि चांगली मोठी झाली. ती कुणाची, यासाठी तात्यांनी परवा नव्या वकीलपत्रावर सही केली. वकिलाकडं आबाच सोडून आले.