तू बसलीच आहेस ना?

चारचौघांत विणायला मी घरातली लोकर नेत नाही. घरी राखाडी चालते. बाहेर मोहरीसारखी पिवळीजर्द. घरी चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाहेर मान ताठ, नजर लांब डोंगरावर आणि बोटं आपली आपण चाललेली. सगळ्या ओळी सुलट घातल्या की न बघता विणणं कुणालाही जमतं, पण हे बघणाऱ्याला कशाला सांगा? उलट टाके आणि वेणीची नक्षी ही भानगड मी घरी, दार लावून निस्तरते.

महाबळेश्वरला वेण्णा तलावावर आमचं लटांबर बोटीच्या रांगेत उभं राहिलं की मी बाकावर बसते आणि १० नंबरच्या सुया काढते. सुयांचं हे जुनं विलायती माप माझं फार लाडकं. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. आकडा चढेल तशी सुई बारीक. माझ्या बाबतीत कुठल्याच आकड्याने अशी कृपा केलेली नाही.

प्रेक्षक येतात, दाद येत नाही. "आमची आई पण विणायची," एवढं म्हणून माणसं कणसाच्या गाडीकडे सरकतात. एक गृहस्थ लोकरीचा भाव विचारतात, मनाशी हिशेब मांडतात आणि "तयार स्वस्त पडतो," असं सांगून जातात.

विणणाऱ्या बाईकडे कुणी निरखून बघत नाही, या भरवशावर महायुद्धात हेरगिरी झाली आहे. फिलिस लाटूर ही ब्रिटिश हेर मे १९४४ मध्ये हवाई छत्रीने नॉर्मंडीत उतरली. रेशमी कापडावर लिहिलेले सांकेतिक शब्द ती विणायच्या सुईला गुंडाळायची, सुई बुटाच्या चपट्या नाडीत सरकवायची आणि त्या नाडीने केस बांधायची. जर्मनांनी झडती घेतली तेव्हा हिने नाडी सोडून केस मोकळे केले. कुणाला काही सापडलं नाही. अशा रीतीने तिने १३५ संदेश पाठवले. आणि डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधली मादाम दफार्ज तर त्याहून वरची. ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावं ती टाक्यांतच विणून ठेवते, तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत.

अशी एक यादी मलाही विणायची आहे. "तू बसलीच आहेस ना?" असं म्हणणाऱ्यांची. हे वाक्य आलं की मागोमाग पर्स येते, टोप्या येतात, कुणाचा तरी फोन, अर्धं खाल्लेलं कणीस आणि "जरा बघ हं" म्हणून झोपलेलं मूल. खरं म्हणजे विणकाम मी त्यासाठीच धरलं. दोन्ही हात गुंतलेले असले की हातात काही देता येत नाही. मांडीत देता येतं, हे आमच्या घरच्यांनी लगेच शोधून काढलं.

आई याच तलावाकाठी सामान राखत बसायची. "मला बाई पाण्याची भीती वाटते, तुम्ही जा," म्हणायची. आई वाईची. कृष्णेच्या डोहात मुलांच्या बरोबरीने पोहलेली. हे आम्हाला मामाकडून कळलं, ती गेल्यावर. भीती वाटते म्हणाली आणि आम्ही खुशाल ऐकून घेतलं, कारण बॅगा कुणीतरी सांभाळायलाच हव्या होत्या.

म्हणून यंदा बोट लागली तेव्हा कणीस खात बसलेल्या नवऱ्याला म्हटलं, "तू बसलाच आहेस ना?" पर्सा त्याच्या पायाशी ठेवल्या, मूल मांडीवर दिलं, सुया हातात कोंबल्या आणि बोटीत चढले.

बोट जेमतेम काठापासून सुटली तोवर त्याच्याभोवती घोळका. "वा! स्वतः विणता?" दोन तरुणींनी फोटो काढले. भाव विचारणारे ते गृहस्थ कौतुकाने मान हलवत होते. ज्याला सुईचं टोक कुठलं ते माहीत नाही, तो माणूस नजर लांब डोंगरावर लावून म्हणाला, "हो, जमतं आपलं थोडंफार."

मी नावाड्याला म्हटलं, "दादा, बोट परत घ्या."

"ताई, आत्ता तर निघालो."

"घ्या परत. त्या यादीत पहिलं नाव कुणाचं घालायचं, ते ठरलंय."