नानांची पेटी

चिंचवडच्या कारखान्यात उभा जन्म ‘इन्स्पेक्शन’ला काढलेला माणूस बागेच्या नादी लागला की काय होतं, ते आमच्या मजल्यावरच्या नानांकडे बघावं. निवृत्तीनंतर चार कुंड्या आणल्या असत्या तर विषय मिटला असता. पण विकतची कुंडी हे नानांच्या मते आळशाचं काम. पेटी हवी, लाकडी हवी, आणि स्वतः केलेली हवी.

नाना लाकूड घेत नाहीत, तपासतात. भंगारवाल्याकडे पाइनची पॅलेटं रचलेली असतात. त्यांवरचा शिक्का चष्मा कपाळावर सरकवून वाचायचा. ‘‘एचटी असेल तरच घ्या. म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं. एमबी दिसलं तर हात लावू नका, मिथाइल ब्रोमाइडची धुरी असते ती.’’ भंगारवाल्याला आजवर फक्त वजन कळायचं. हल्ली तो ‘‘एचटी माल आहे साहेब’’ म्हणून किलोमागे दोन रुपये चढे लावतो. ज्ञानदान वाया जात नाही ते असं.

रंधा मारायला मात्र कोपऱ्यावरचे सुतारमामा लागतात. मामा सुतात बोलतात, नाना मिलिमीटरमध्ये.

‘‘दोन सूत काढू?’’

‘‘म्हणजे 6.35,’’ नाना व्हर्निअर उघडत म्हणतात.

‘‘साहेब, मेथी लावायचीय की इंजिन बसवायचंय?’’

पुढचं शास्त्र तर विचारूच नका. तळाला 12 मिलिमीटरची भोकं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, कारण लोखंडी खिळा गंजून लाकडावर काळे ओघळ आणतो. पेटीखाली विटांचे तुकडे, म्हणजे हवा खेळते. तीन फूट बाय एक बाय एक, म्हणजे तीन घनफूट. ओली माती भरली तर वजन सव्वाशे किलोच्या पुढे, म्हणून गॅलरीच्या हितासाठी निम्मं कोकोपीट. बाहेरून जवसाचं तेल, तेही दोन हात. त्या तेलाची चिंधी चुरगळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते, हे खरंच आहे. म्हणून नाना चिंध्या दोरीवर पसरून वाळवतात, नेमक्या शेजारच्यांच्या पांढऱ्या शर्टांच्या अंगाला अंग लावून. त्यावरून सोसायटीच्या सभेत जे झालं ते मिनिट्समध्ये नाही.

पेटी मात्र झाली देखणी. कोपऱ्यावरून अंगठा फिरवावा तर सांधा लागत नाही. आम्ही सगळ्यांनी फिरवून पाहिला. नाना फिरवायलाच लावतात.

फक्त तिच्यात माती पडेना. आधी तेल मुरायचं होतं, मग पावसाळ्यात फळ्या किती फुगतात ते टिपायचं होतं. अखेर खरं बाहेर आलं : ‘‘अहो, माती घातली की लाकूड कुजणार!’’

काकूंनी मधल्या काळात गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला खिळा ठोकून भोकं पाडली, धणे रगडून पेरले. पंधरवड्यात डबा हिरवागार. परवा नाना त्याला आडवा करून व्हर्निअरनं भोकं मोजत बसले होते.

‘‘एक भोक दुसऱ्यासारखं नाही. हा डबा पास कोणी केला?’’

‘‘कोथिंबिरीनं,’’ काकू म्हणाल्या, आणि डबा सरळ करून आमटीपुरती खुडून आत गेल्या.