710चा शिक्का मारणाऱ्यास खुले पत्र

दुकानदार महोदय,


तुमचा शिक्का अजून शाबूत आहे. निळ्या शाईतला '710' जसाच्या तसा वाचता येतो. त्याच्याखालच्या प्लायवूडचे मात्र पापुद्रे सुटलेत. शाई चांगली वापरता, तेवढं खरं.

हे पत्र सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिनहून लिहितोय. इथे चहूकडे वाळवंट. अकरा महिने इथे नोकरी, आणि सुट्टीचा एक महिना गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या माझ्या जुन्या शिडाच्या होडीत सुतारकाम. त्या एका महिन्यासाठी मी वर्षभर कागदावर मापं काढतो. खणांच्या सागवानी पट्ट्या इथेच रंधून नेतो. इथल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, गोव्याच्या पावसात फुगतं. म्हणून खणाच्या तोंडाला दीड सूत जागा सोडतो. खालच्या कडेला खाच ठेवतो, म्हणजे वर उचलल्याशिवाय खण बाहेर येत नाही. होडी वाऱ्याने कलली की भरलेला खण सुटून कुणाच्या अंगावर पडायला नको. मांडणीला दोन बोटं उंच काठपट्टी लावतो, तीही त्यासाठीच.

गेल्या खेपेला बॅटरीखालची फळी बदलायची होती. तुमच्या दुकानात मी स्वच्छ सांगितलं होतं, "होडीत बसवायचीय, मरीन प्लायच हवा." तुम्ही मरीन प्लायच्या मानकाच्या '710' शिक्क्यावर बोट ठेवलंत आणि भावही मरीनचाच लावलात. मी फळी कापली, कडांना इपॉक्सीचे दोन हात दिले, स्क्रूची भोकंसुद्धा इपॉक्सीने भरून घेतली. एका पावसाळ्यात ती फळी पोटातून फुगली, तीस किलोची बॅटरी कलंडली आणि केबल उपसून आली. होडी नांगरावर होती म्हणून निभावलं. रात्री भर समुद्रात हे झालं असतं तर दिवा नाही, पंप नाही, रेडिओ नाही. तुम्ही ज्याला माल विकला तो माणूस तेव्हा काय करणार होता, याचा विचार एकदा तरी केलात का?

माझी होडी असते त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 56 फुटी 'म्हादेई' बांधली. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. तिच्या लाकडावर कुणी असाच खोटा शिक्का मारला असता तर? मला हा प्रश्न झोपू देत नाही. तुम्हाला झोप लागते, याचा संताप येतो.

मी राहतो त्या गावाचं नावच विहिरींवरून पडलंय. बसऱ्याकडून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी या कोरड्या नदीपात्रात विहिरी खणल्या गेल्या. खणणाऱ्यांना ठाऊक नव्हतं पाणी कोण पिणार, तरी त्यांनी पाणी लागेपर्यंत खणलं. तुम्हाला तर गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगत होतं, फळी कुठे बसणार ते.

उरलेला तुकडा मी बॅगेत घालून इथे आणलाय. आयएस 710च्या मालाला 72 तास उकळून चिकटपणाची परीक्षा द्यावी लागते. मी कंपनीच्या खोलीवर भाताच्या पातेल्यात तो उकळत ठेवला आणि घड्याळ लावून शेजारी बसलो.

पैसे परत नकोत. तुमच्या गोदामातल्या ज्या ज्या फळीवर तो आकडा खोटा आहे, तिथून तो खरवडून काढा आणि माल त्याच्या खऱ्या नावाने, खऱ्या भावाने विका.

आणि होडीसाठी प्लाय घेणाऱ्या वाचकांनो, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. हातभर तुकडा मागून घ्या, घरी उकळा, मगच पैसे मोजा. माझ्या तुकड्याचा पहिला पापुद्रा चौथ्या तासाला सुटला.