धारूरचे आदर्श नागरिक

सर्व्हरच्या नोंदींइतकी निष्पक्ष जनगणना दुसरी नाही. मराठवाड्यातल्या धारूरच्या आदिलशाही किल्ल्यावर एक वेबपान करा, त्यात 40 छायाचित्रं लावा. एकाच माणसाने ते पहिल्यांदा पूर्ण उघडलं की पान आणि छायाचित्रं वेगवेगळी मोजून अहवालात किमान 41 ‘हिट्स’ पडतात. पर्यटनवाढीचा याहून स्वस्त मार्ग कोणता? उलट मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपी पत्त्याआड बसवतात आणि तो पत्ता अनेकदा मुंबई-पुण्याचा दिसतो. म्हणजे अख्खी गल्ली मिळून एक वाचक, तोही मुंबईकर. मराठवाड्याचा अनुशेष इतक्या झटपट कुणी भरून काढला नव्हता.

कुणी म्हणेल, यातले बरेच पाहुणे माणसं नसून गूगलबॉटसारखी यंत्रं असतात. असू देत. संकेतस्थळात शिरण्याआधी तिथल्या नियमांची फाइल वाचणारा दुसरा पाहुणा दाखवा. तो पाणी मागत नाही, रस्त्याची तक्रार करत नाही. दिवाळीच्या सुमारास तालुक्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात, तेव्हाही त्याची हजेरी चुकत नाही. तेव्हा विकास आराखडा याच अहवालावरून आखावा. कुलूपबंद घरांना नळ कशाला? अनुदान थेट बॉटच्या नावे जमा करावं. बारमाही पत्ता असलेला लाभार्थी तालुक्याला शेवटी मिळाला आहे.