डिसेबल्ड सेवेचा पंचनामा

बॅकअप म्हणजे संगणकातील माहितीची अशी प्रत, जी आपल्याकडे आहे याची मालकाला पक्की खात्री असते आणि जी उघडून पाहण्याची गरज त्याला कधीच वाटलेली नसते. नांदेडला वजिराबादेतील दुकानांत, लातूरला गंजगोलाईतील पेढ्यांत, मोंढ्यावरच्या अडतीत आणि गल्लोगल्लीच्या शिकवण्यांत ती मुबलक आढळते. दिवाळीत वहीपूजनाला संगणकावरही हळदकुंकू पडते. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, हे मात्र लक्ष्मीलाच ठाऊक.

हिशेबाची फाईल उघडी असताना तिची नक्कल केली, तर अर्ध्या नोंदी जुन्या आणि अर्ध्या नव्या येण्याचा धोका असतो. तो टाळायला विंडोजमध्ये 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' ही सेवा आहे. ती चालू प्रोग्रामांना लिखाण क्षणभर रोखायला लावते, त्या क्षणाची स्थिती टिपते आणि बॅकअप त्यावरून घेतला जातो. विंडोज एक्सपीच्या काळापासून ती मुकाट काम करते. मुकाट काम करणाऱ्याचे जे सर्वत्र होते तेच तिचेही होते: ही कशाला हवी, असा प्रश्न निघतो.

व्याधीचे मूळ 'कॉम्प्युटर फास्ट करून देतो' या भरभराटीच्या धंद्यात आहे. सेवांच्या यादीत जे नाव ओळखीचे वाटत नाही, त्यापुढे 'डिसेबल्ड' लावले जाते. मुळात ही सेवा 'मॅन्युअल' असते, म्हणजे बोलावल्याशिवाय जागीच होत नाही. तिला बंद करून वेग वाढत नाही. फक्त बोलावणे आले तरी तिने यायचे नाही, एवढी तजवीज होते.

लक्षण स्पष्ट असते. बॅकअप थांबतो, ०एक्स८००७०४२२ हा क्रमांक झळकतो आणि सेवा बंद केलेली असल्याने सुरू करता येत नाही, असे पडद्यावर लिहून येते. कारण समोर छापलेले असल्यामुळे ते कोणी वाचत नाही. आधी पेनड्राइव्ह बदलला जातो, मग केबल, मग हार्ड डिस्क आणि अखेर मुनीम.

उपचार सोपा आहे. 'रन'मध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करावे, ही सेवा शोधून तिचा स्टार्टअप प्रकार 'मॅन्युअल' करावा, 'अप्लाय' दाबावे व बॅकअप पुन्हा चालवावा. तरीही अडले तर 'ब्लॉक लेव्हल बॅकअप इंजिन' ही सेवा आणि टास्क शेड्यूलर बंद नाहीत ना, हे पाहावे. सेवा पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर वेग वाढवणारे सॉफ्टवेअर किंवा व्हायरस यांपैकी एकाची चौकशी करावी. खंडणीखोर व्हायरस तर बहुधा शॅडो कॉपीच आधी पुसतात. या प्रती सहसा मूळ फायलींच्याच डिस्कवर असतात, म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे पाणी संपले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पुसलेल्या खातेवहीसाठी मिरजेहून गाडी सुटत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल परत आणून उघडून पाहावी. सेवा सुरू करायला पाच मिनिटे लागतात. मार्चअखेरचे गेलेले हिशेब पुन्हा मांडेपर्यंत पुढचा मार्च उजाडतो.