सिल्व्हर नदीचे मिरासदार आणि कयाकस्थ उपऱ्यांस सूचना

अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांती, ओकाला गावाच्या पूर्वेस, चुनखडीच्या भूगर्भात मुरलेले पावसाचे पाणी ज्या ठिकाणी एकदम वर उसळते आणि उगमापासूनच भरल्या अंगाची नदी होऊन वाहू लागते, त्या सिल्व्हर स्प्रिंग्ज नामक स्थळी जाऊन वन्य प्राण्यांच्या सान्निध्यात कयाक चालवण्याची इच्छा हल्ली पुष्कळ सद्गृहस्थांना होते. विशेषतः ज्यांची मुले ऑर्लँडो किंवा टँपा येथे नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत आणि ज्यांना तेथील वास्तव्याच्या दुसऱ्या महिन्यात दूरचित्रवाणी व नातवंडांचे वेळापत्रक या दोहोंचाही उबग आलेला असतो, अशा वडीलधाऱ्यांना. त्यांच्या उपयोगार्थ पुढील सूचना दिल्या आहेत. त्या ओळीने पाळाव्यात असा आग्रह नाही, कारण ज्याने कयाक एकदाही सरळ रेषेत नेलेली नाही त्याच्याकडून क्रमाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

प्रथम आपला दर्जा ओळखावा. या झऱ्यावर मालकी सांगणाऱ्यांची यादी लांबलचक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हबर्ड हार्ट नामक उद्योजकाच्या आगबोटी ओक्लावाहा नदीची वळणे घेत येथवर उतारू आणू लागल्या; १८७० च्या दशकात कोणा कल्पक पुरुषाने होडीच्या तळाला काच बसवली आणि पाण्याखालील सृष्टी पाहण्याचे दाम घेण्याची प्रथा सुरू झाली; १९२४ साली कार्ल रे आणि शॉर्टी डेव्हिडसन या जोडगोळीने भाडेपट्टा करून स्थळाची कीर्ती देशभर पसरवली; १९६२ साली ते एका दूरचित्रवाणी कंपनीच्या हाती गेले, १९९३ साली प्रांतिक सरकारने खरेदी केले, आणि २०१३ साली शेजारच्या नदीकाठच्या उद्यानासह त्याचे एक सरकारी उद्यान झाले. खरेदीखते, भाडेपट्टे, करारनामे यांनी भरलेल्या या दप्तरात कासवाची निशाणी अथवा अ‍ॅलिगेटराचा अंगठा कोठेही सापडत नाही. तरीही प्रत्यक्ष नदीवर गेल्यावर असे दिसून येते की कासव, अ‍ॅलिगेटर, बगळा आणि मासा हे स्वतःला येथील मिरासदार समजतात आणि तासाच्या भाड्याने कयाक घेऊन आलेल्या मनुष्यास उपरी कूळ. हा निवाडा आपल्या मनाविरुद्ध असला तरी त्यावर अपील चालत नाही, सबब तो मान्य करूनच पाण्यात उतरावे.

उतरण्याचा विधी असा. कयाक ही मूळची ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांची, कातडे ताणून बनवलेली शिकारी नौका; सीलच्या मागे निःशब्द जाणे हा तिचा धर्म, आणि पन्नाशी उलटलेल्या सगोत्र मंडळींनी एकमेकांस मोठ्याने सूचना देत तिच्यात शिरावे हे तिच्या निर्मात्यांच्या ध्यानीमनीही नसावे. आत मांडी घालून बसता येत नाही. पाय पुढे पसरावे लागतात, जे आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर असभ्यपणाचे मानले जाते; परंतु समोर केवळ अ‍ॅलिगेटर असल्याने हा संकोच सोडण्यास हरकत नाही. लाइफ जॅकेटचे सर्व बंद आवळून घ्यावेत, पोहता येत असले तरीही, कारण या उद्यानात पोहण्यास मनाई आहे आणि पाण्यात पडलेला मनुष्य तांत्रिकदृष्ट्या नियमभंग करीत असतो. वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात. डाव्या पात्याने पाणी ओढले असता नौका उजवीकडे वळते व उजव्याने डावीकडे, हे तत्त्व बुद्धीला तत्काळ पटते, हातांना मात्र पटत नाही. त्यामुळे पहिला काही वेळ नवशिका एकाच जागी गोल फिरत राहतो. काठावरून कुटुंबीय हसू लागल्यास आपण उगमास प्रदक्षिणा घालीत आहोत असे धीरगंभीर चेहऱ्याने सांगावे.

उगमाला तेथे मॅमथ स्प्रिंग म्हणतात. त्यावर आल्यावर खाली पाहण्याचा मोह अनावर होतो आणि खाली पाहताच पोटात खड्डा पडतो, कारण पाणी इतके नितळ आहे की नौका कशावर तरी तरंगत आहे याचा पुरावाच डोळ्यांना मिळत नाही. वीसपंचवीस फुटांखालची पांढरी वाळू, तिच्यावर सरकणारी आपलीच सावली, आणि मध्ये कोणत्याही आधारावाचून लोंबकळणारे मासे एवढेच दिसते. अशा वेळी वल्हे घट्ट धरून दूरच्या सायप्रस वृक्षांकडे दृष्टी लावावी. पाण्याखाली काही मूर्तीही दिसतात. भाविकांनी हात जोडण्यापूर्वी हे जाणून घ्यावे की या मूर्ती कोणा लुप्त संस्कृतीच्या नसून ‘आय स्पाय’ नावाच्या १९६० च्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणासाठी बनवलेल्या होत्या आणि काम संपल्यावर तेथेच राहिल्या. नमस्कार करण्यास मनाई नाही. नाणे टाकू नये.

आता मिरासदारांविषयी. ओंडक्यावर ज्येष्ठतेच्या क्रमाने बसलेली कासवे ही तक्रारखोर नाहीत. जवळ गेल्यास ती एकामागून एक पाण्यात पडतात आणि आपणांस अपराध्यासारखे वाटते, एवढाच त्यांचा उपद्रव. पंख पसरून फांदीवर उभा असलेला काळा पक्षी आशीर्वाद देत नसतो. तो अ‍ॅनहिंगा, म्हणजे आपल्या जलाशयांवरील तिरंदाजाचा अमेरिकी चुलतभाऊ. त्याच्या पिसांना पाणी सोसत नाही, म्हणून प्रत्येक बुडीनंतर त्याला स्वतःस वाळत घालावे लागते. काठावर पडलेला अ‍ॅलिगेटर हा आपल्या मगरीसारखा रुंद, बोथट तोंडाचा प्राणी असून दिवसाचा बहुतांश काळ तो ऊन खाण्यात घालवतो. तो मेला आहे की जिवंत, हा वाद नौकेत हटकून उपस्थित होतो. वल्ह्याने ढोसून तो मिटवू नये. त्याला खाद्य देणे हा फ्लॉरिडात गुन्हा आहे, आणि गुन्ह्यामागील कारण सरळ आहे: हातून खायची सवय लागलेला अ‍ॅलिगेटर हात आणि खाद्य यांतील भेद फार काळ पाळीत नाही.

मॅनटी हा समुद्रगाईच्या कुळातील चारपाचशे किलो वजनाचा शाकाहारी जीव हिवाळ्यात येथे येतो, कारण झऱ्याचे पाणी बारमास बावीस अंशांच्या आसपास असते आणि वीस अंशांखालील पाणी त्याला बाधते. त्याच्या मार्गातील अडचण ऐकण्याजोगी आहे. फ्लॉरिडाला आडवा छेद देऊन जहाजांसाठी कालवा खोदण्याची एक योजना होती. तिच्यापायी १९६८ साली ओक्लावाहा नदीवर रॉडमन नावाचे धरण झाले. १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांनी कालव्याचे काम थांबवले, आणि धरण राहिले. योजना रद्द, बांध कायम, ही परिस्थिती कोणत्याही सेवानिवृत्त शाखा अभियंत्यास विशद करून सांगण्याची गरज नाही. तेव्हापासून समुद्राकडून येणाऱ्या मॅनटीला बोटींसाठी ठेवलेल्या पाणदरवाज्यातून, तो उघडेल तेव्हा, वाट काढावी लागते. इतका खटाटोप करून आलेला पाहुणा आपल्या कयाकखाली आल्यास वल्हे मांडीवर आडवे ठेवावे व स्वस्थ बसावे. त्याला हात लावणे, पाठलाग करणे किंवा पाणी पाजणे ही सर्व कायद्याने निषिद्ध कृत्ये आहेत. गाय म्हटले की पाठीवरून हात फिरवण्याची आपली वृत्ती येथे आवरावी.

परंतु मराठी मनुष्याची खरी परीक्षा माकडांपाशी होते. १९३८ च्या सुमारास येथे सफरीच्या बोटी चालवणाऱ्या कर्नल टूई नावाच्या गृहस्थाने (कर्नल हे त्याचे पाळण्यातील नाव, लष्कराशी संबंध नाही) उतारूंना अरण्याचा भास व्हावा म्हणून नदीतील एका बेटावर काही ऱ्हीसस माकडे आणून सोडली. माकडांना पोहता येत नाही अशी त्याची समजूत होती. माकडांची तशी समजूत नव्हती. ती पोहून काठावर गेली, रानात पसरली, आणि आज त्यांची प्रजा नदीच्या दोन्ही तीरांवर सुखाने नांदते. टारझनच्या चित्रपटांची काही चित्रणे येथे झाली हे खरे, परंतु माकडे त्या चित्रपटातून पळाली ही लोककथा खरी नव्हे. ती ऐकवणाऱ्यास दुरुस्त करू नये, तो बहुधा आपल्याला गाडीने परत नेणारा असतो.

ऱ्हीसस माकडांचे मूळ वतन अफगाणिस्तानापासून उत्तर हिंदुस्थानातून थेट चीनपर्यंत, आणि आपल्या सिंहगड-महाबळेश्वराकडील टोपीच्या माकडाचे ते सख्खे भाऊबंद. तेव्हा सातासमुद्रापार, अगम्य झाडीत, ओळखीचा चेहरा फांदीवरून वाकून पाहत असल्याचे दिसताच ऊर भरून येतो आणि हात आपोआप चिवड्याच्या डब्याकडे जातो. तो तेथेच थांबवावा. या माकडांना खाऊ घालण्यास प्रांताच्या वन्यजीव आयोगाने २०१८ पासून बंदी केली आहे, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांच्यातील काहींच्या लाळेतून हर्पीस-बी नावाचा विषाणू बाहेर पडतो, जो माकडाला फारसा त्रास देत नाही पण मनुष्याच्या मेंदूपर्यंत पोचल्यास जिवावर बेततो. फांद्यांच्या खालून नौका नेऊ नये. छायाचित्र काढताना दात दाखवून हसू नये आणि रोखूनही पाहू नये: माकडांच्या समाजात दात विचकणे म्हणजे भय वा शरणागती, व नजर रोखणे म्हणजे आव्हान, आणि एकाच चेहऱ्याने दोन्ही करणारा अर्जदार त्यांना सर्वस्वी अविश्वसनीय वाटतो.

या जमातीच्या कायदेशीर स्थितीची चौकशी करू नये. पाऊण शतकाहून अधिक काळ येथे राहूनही त्यांना कोणी स्थानिक मानीत नाही. १९८४ ते २०१२ या काळात त्यांपैकी हजाराच्या आसपास सरकारी परवान्याने पकडली गेली व पुष्कळ प्रयोगशाळांच्या वाट्यास आली. हिंदुस्थानने ऱ्हीससची निर्यात १९७८ सालीच बंद केली होती, त्यामुळे फ्लॉरिडात फुकट वाढणाऱ्या मालास उठाव असणे स्वाभाविक होते. शास्त्रज्ञ म्हणतात काढा, नदीवर येणारे लोक म्हणतात राहू द्या, आणि माकडे मधल्या काळात पिढ्या वाढवतात. आपल्या चिरंजिवांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज किती वर्षे पडून आहे, याचा विषय नेमका या वळणावर नौकेत काढू नये.

उगमापासून सुमारे मैलभर खाली आल्यावर उजव्या-डाव्या काठाचा फरक लक्षात येणार नाही, पण तेथे थोडे थांबावे. १९४९ ते १९६९ या काळात तेथे पॅरडाइज पार्क नावाचे वेगळे उद्यान होते, कृष्णवर्णीयांसाठी, कारण वरचे उद्यान गोऱ्यांसाठी राखीव होते. वरच्या उद्यानातील काचतळी होड्या हाकणारे नावाडी बहुतेक कृष्णवर्णीय होते. दिवसभर ते ज्या पाण्याचे वैभव पाहुण्यांना वर्णन करून दाखवीत, ते पाहायला त्यांच्या स्वतःच्या मुलाबाळांना तेथे येता येत नसे. मासे आणि कासवे मात्र दोन्ही उद्यानांतून परवान्यावाचून ये-जा करीत. या ठिकाणी या लेखकास विनोद सुचत नाही.

पुढे नदी ओक्लावाहाला मिळेपर्यंत एकूण पाचेक मैलांचा प्रवास आहे. जाताना प्रवाह पाठीशी असतो, त्यामुळे आपण निष्णात झाल्याचा भ्रम होतो. परतताना तोच प्रवाह समोर येतो आणि भ्रम फिटतो. पाण्याचा जोर पूर्वीइतका राहिलेला नाही, हे खरे. पाऊस, उपसा आणि प्रवाहाच्या वाटेत माजलेले पाणगवत यांवर त्याचा दोष वाटून टाकण्याचे काम अनेक समित्यांनी केले आहे, आणि ओकालाच्या आसपासच्या हिरवळींवर पडणारे खत व सांडपाण्याच्या टाक्या यांतील नायट्रेट जमिनीतून झिरपत झऱ्यात येते याविषयी तर कोणाचा वादच नाही. पण दोन वाजता, दुखऱ्या खांद्यांनी, उगमाकडे वल्हवत असलेल्या माणसास जोर कमी झाला आहे हे पटवून देण्याचा प्रयत्न करू नये. ज्यांना हे श्रम नको असतील त्यांनी संगमाजवळील रे वेसाइड पार्क येथे उतरावे. त्यासाठी एक गाडी सकाळीच खाली नेऊन ठेवावी लागते व दुसरीने वर यावे लागते. या व्यवस्थेत चूक होण्यास एकच जागा आहे: खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहते. ती कोणाच्या खिशात आहे, हे प्रत्येकाने नौका सोडण्यापूर्वी मोठ्याने विचारून घ्यावे, आणि ज्याच्या खिशात असेल त्याला सर्वांत स्थिर कयाक द्यावी.